निजलेल्यांचं दालन

ही २०२२ सालची गोष्ट. त्या वर्षी मी एकाहत्तर वर्षांची होते आणि आयुष्यात पहिल्यांदा व्हिडिओ गेम खेळत होते.

गेम माझ्या भाच्याच्या, रवीच्या मुलीनं, वैष्णवीनं तयार केलेला. ती पुण्याच्या एका लहानशा कंपनीत होती. त्या पावसाळ्यात घरून काम करायची मुभा मिळाली, तर ती यवतमाळला आईबापांकडे न राहता पांढरकवड्याला आमच्याकडे आली. तिकडे रोज जेवताना लग्नाचा विषय निघायचा, आमच्याकडे निघत नव्हता. आमच्याकडे म्हणजे मी आणि तिची आजी, कौसल्यावहिनी. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली. वहिनी माझ्या मोठ्या भावाची, नागोदादाची बायको.

गेमचं नाव होतं ‘अधोयान’. जुन्या विज्ञान कादंबऱ्यांवरून तो सुचलेला होता आणि त्या कादंबऱ्या वैष्णवीला लहानपणी माझ्याच तोंडून ऐकायला मिळाल्या होत्या. समुद्राखालून फिरणारं लोखंडी जहाज, तोफेत बसून चंद्राकडे निघालेली माणसं, काळात मागेपुढे जाणारं यंत्र. आमच्या लहानपणी वाचनालयात त्यांची मराठी रूपांतरं मिळत. दादा आणि मी जिनिंग फॅक्टरीच्या आवारात सरकीच्या ढिगावर पालथे पडून ती वाचायचो. वडील तिथे फिटर होते, पुढे दादाही तिथेच फिटर झाला. सरकीचा तेलकट वास आणि चंद्रावरच्या दऱ्या माझ्या डोक्यात अजून एकत्रच आहेत.

“आत्याआजी, तू खेळून पाह्य,” वैष्णवी म्हणाली. “तुले समजलं म्हंजे कोणालेही समजन.”

“म्हणजे सगळ्यांत ढ मी?”

“ढ नाई वं. सगळ्यात जुनी.”

दुपारची जेवणं झाली की ती लॅपटॉप माझ्यापुढे ठेवायची. पितळ आणि लोखंडाचं एक यान जमिनीत खोल खोल उतरतं. खाली कुण्या जुन्या प्रवाशांनी वसवलेलं रिकामं नगर असतं. बंदुका नाहीत, मारामारी नाही. चक्रं फिरवायची, वाफेचा दाब जुळवायचा, दिव्यांचा क्रम ओळखायचा, की एकेक दार उघडतं. मला ते फार आवडलं. वहिनी बाजूला बसून गुडघ्यावर कापसाच्या वाती वळत असायची. स्क्रीनकडे तिची पाठ असे.

“शिकल्या-सवरल्या बायका जमिनीत कायले चालल्या?” ती म्हणायची. “वर रस्त्यानं काय कमी खड्डे हायेत?”

ती हसायची, पण त्या दिवसांत तिच्या मनावर एक ओझं होतं, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. सर्वपित्री अमावास्या जवळ येत होती आणि तिच्या मुलानं, रवीनं, त्या दिवशी बापाचा विधी करायचं ठरवलं होतं.

दादा १९८१ पासून बेपत्ता होता. फॅक्टरीतल्या कापसाच्या गाठी घेऊन एक ट्रक हैदराबादेकडे निघाला होता, मालकानं विश्वासाचा माणूस म्हणून दादाला सोबत पाठवलं. पाटणबोरीच्या पुढे ट्रक चहाला थांबला. दादा चहा पिऊन हॉटेलामागच्या तुरीच्या शेताकडे गेला आणि परत आला नाही. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, शेत पालथं घातलं. दादा तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. रवी पाच.

वहिनीनं कुंकू पुसलं नाही, मंगळसूत्र उतरवलं नाही. आणि आणखी एक गोष्ट तिनं पाळली. आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणत. हळदीकुंकवाला कुणी फारच आग्रह केला तर उखाण्यात गुंफून घ्यायचं, तेवढी सूट. दादा गेल्यावर वहिनीनं ती सूटही घेतली नाही. पोलीस ठाण्यात हवालदार विचारून विचारून थकला, “अवो बाई, हरवलं कोण ते तं सांगा.” ती मान खाली घालून गप्प. शेवटी मी नाव सांगितलं. ती मला बाहेर आल्यावर म्हणाली, “तुमी बहीण हा, तुमी घेतलं तं चालते.” जणू दादाचं जे काही आयुष्य कुठे उरलं असेल, ते ती गप्प राहून सांभाळत होती.

ज्याचा ठावठिकाणा लागत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि तो जाळून क्रिया करतात. रवीला तेच करायचं होतं. वैष्णवीचं लग्न हे निमित्त होतं, बापाची क्रिया राहिलेली असताना घरात मंगलकार्य नको, असं त्याचं म्हणणं. एकदा मी त्याला फोनवर म्हटलं, “इतकी वर्षं थांबलास, तर आई असेपर्यंत थांब.”  तो म्हणाला, “आत्या, मले एकदाचं रडायचं हाय. पाच वर्साचा होतो तेव्हापासून रडायचं राह्यलं हाय.”

वहिनी मात्र कुणाशी वाद घालत नव्हती. नुसत्या वाती वळत होती.

*

गेममध्ये मला पहिल्यांदा काही खटकलं ते यानाच्या इंजिनाच्या आवाजात. तो मला ओळखीचा वाटत होता. एका दुपारी लक्षात आलं, हा जिनिंगचा आवाज आहे. वैष्णवीला विचारलं तर ती म्हणाली, असे आवाज इंटरनेटवर तयार मिळतात, परदेशातल्या कुठल्या तरी गिरणीचा असेल. मी मान डोलावली. पण आमच्या फॅक्टरीतला एक पट्टा सैल होता, तो मध्येच एक ठोका गाळायचा. वडील जेवतानाही तो ठोका ऐकून उठून जायचे. इथेही तो ठोका गळत होता.

पट्टे सगळ्याच देशांत सैल होतात, असं मी स्वतःला सांगितलं.

काही दिवसांनी मी निजलेल्यांच्या दालनात पोहोचले. लांब बोळ, दोन्ही बाजूंना काचेच्या केबिनी आणि प्रत्येक केबिनीत एक झोपलेला प्रवासी. शेकडो वर्षं झोपलेला, पण झोपला त्याच वयाचा राहिलेला. दारावरच्या पाटीवर खुणा असायच्या, त्या आणि काचेतून दिसणाऱ्या त्याच्या वस्तू पाहून नाव ओळखायचं आणि लॅपटॉपच्या माइकमध्ये मोठ्यानं हाक मारायची. नाव बरोबर असलं की तो जागा होतो, दार उघडतं. मी एका नकाशे काढणाऱ्याला उठवलं, मग घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका बाईला. भर दुपारी परक्या माणसांना हाका मारताना मला हसू येत होतं. शेजारची मानीबाई कुंपणावरून विचारून गेली, कोण आलं म्हणून.

शेवटचा प्रवासी उठला आणि तरी बोळ पुढे जात होता.

“आता कोण?” मी विचारलं.

“आता कोणी नाई. पुढे भिंत हाय,” वैष्णवी फोनमध्ये पाहत म्हणाली. मग तिनं मान वर केली.

पुढे आणखी एक केबिन होती. बाकीच्या केबिनींत मखमल, पितळी दिवे, चामड्याच्या पेट्या होत्या. इथे नवारीची खाट होती. भिंतीत खिळा, खिळ्याला खाकी शर्ट, त्याच्या बाहीवर काळं वंगण. दारावर इतरांसारखी खुणेची पाटी नव्हती. खाटेवर बनियन घातलेला एक माणूस भिंतीकडे तोंड करून कुशीवर झोपला होता. कानाखाली हात. दाट काळे केस.

“हे म्या नाई केलं,” वैष्णवी म्हणाली. “रजतनं टाकलं असन.”

रजत तिच्यासोबत काम करणारा पुण्याचा मुलगा. तिनं त्याला स्पीकरवर घेतलं.

“मी कशाला टाकू?” तो म्हणाला. “माझ्याकडे तिथे भिंतच आहे. तू झोपेत काम करतेस का?”

“तू उधारीच्या अकलेवर करतं तसं?” ती म्हणाली, पण तिचा आवाज हलका नव्हता.

मला भीती वाटली असं मी म्हणणार नाही. ते चित्र चांगलं काढलं आहे, असंच मला वाटलं. तेवढ्यात वहिनी कापूस आणायला उठली. जाता जाता तिची नजर स्क्रीनवर गेली आणि ती थांबली.

“खाटेखाली चपला हायेत ना?” तिनं विचारलं.

होत्या. अंधारात, आमच्या लक्षातही आल्या नव्हत्या.

“डाव्या चपलीत पाह्य बरं पोरी.”

वैष्णवीनं चित्र जवळ घेतलं. डाव्या चपलीत काळ्या काडीचा चष्मा होता, काचा वर करून नीट ठेवलेला.

“पायाखाली येऊ नये म्हणून,” वहिनी म्हणाली. ती आमच्याशी बोलत नव्हती. “मी रोज म्हणत होती, डोळ्याले लावाची वस्तू चपलीत कायले ठेवता. आयकत नव्हते.”

मी दादाची बहीण. एकाच घरात वाढले, त्याचं लग्न झाल्यावरही त्याच घरात राहिले. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. ती त्या दोघांच्या खोलीतली गोष्ट होती. मला माहीत नव्हती, म्हणून मी वैष्णवीला कधी सांगितलेली असणं शक्य नव्हतं.

वहिनीच्या मुठीतल्या वाती जमिनीवर पडल्या होत्या. तिनं त्या उचलल्या नाहीत.

*

मी विज्ञान शिकवलेली बाई. दुसऱ्या दिवशी मी वैष्णवीला सगळं पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. केबिन होती. लॅपटॉप बंद करून चालू केला. होती. तिनं गेम तयार करायच्या फायली उघडून दाखवल्या, तिथे बोळाच्या शेवटी भिंत होती. खेळायला घेतलं की केबिन. रजत पुण्यात तोच गेम खेळून भिंतीशी थांबत होता.

“मग हाक मारून पाहू,” मी म्हणाले.

प्रत्येक दाराशेजारी एक तबकडी होती, आवाज पोहोचला की तिचा काटा हलायचा. मी म्हणाले, “नागोराव.” काटा हलला. झोपलेला माणूस हलला नाही. मी म्हणाले, “दादा.” माझा आवाज मला पोरीसारखा वाटला. तो हलला नाही. वैष्णवीनं “आजोबा” म्हणून पाहिलं. ज्या आजोबांना तिनं कधी पाहिलं नव्हतं, ते तिच्याहून फार मोठे दिसत नव्हते.

मग आम्ही दोघींनी वहिनीकडे पाहिलं. ती रिकाम्या कोपऱ्याकडे पाहत बसली होती.

“मी नाई,” ती म्हणाली. “मले सांगू नका.”

शनिवारी रवी आला. येताना विधीचं सामान ठरवून आला होता, गुरुजींना वेळ दिलेली होती. वैष्णवीनं त्याला केबिन दाखवली, आणि तो संतापला. रवी कधी आवाज चढवणारा नाही.

“आजीले येडं करून राह्यली काय तू? हे चित्र काढाले हेच दिवस सापडले?”

“बाबा, म्या नाई काढलं.”

“मग आपोआप निघालं?”

“तेच तं सांगून राह्यली.”

तो अंगणात जाऊन उभा राहिला. वैष्णवी रडत मागच्या खोलीत गेली. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते, तिथून बैठकीतला लॅपटॉप दिसत होता. काही वेळानं रवी आत आला. इकडेतिकडे पाहून लॅपटॉपसमोर बसला. डोक्यावरचे उरलेसुरले पांढरे केस त्यानं हातानं सारखे केले. मग वाकून, अगदी हळू, म्हणाला, “बाबा.”

काटा हलला. थांबला.

मी परात घेऊन पाठ फिरवली. जेवताना तो कुणाकडे न पाहता म्हणाला, “माह्याहून लहान हायेत ते.” आणि विधी रद्द करतो असं काही म्हणाला नाही.

*

अमावास्येच्या सकाळी ऊन स्वच्छ होतं. अंगणात पळसाच्या पानांचा भारा येऊन पडला होता, ओला, हिरवा, त्याच्यावर मुंग्या फिरत होत्या. गुरुजी यायचे होते. रवी सोवळं नेसून तयार होता. वहिनीनं अंघोळ केली, केस विंचरले आणि पेटीतून एक जुनं हिरवं लुगडं काढून नेसली. विधीच्या दिवशी हिरवं का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. ती मला तिच्या खोलीत घेऊन गेली आणि दार लोटलं.

“विजूबाई, खरं सांगा. मी लय म्हातारी दिसते काय?”

मी तिच्याकडे पाहिलं. दात पडलेले, गाल बसलेले. कपाळावर रोजचं ठसठशीत कुंकू.

“सत्तरीची दिसतेस,” मी म्हणाले. “आहेसही.”

“ते वळखतीन का मले?”

तिनं काय ठरवलं होतं ते मला तेव्हा कळलं.

“वहिनी, ते चित्र आहे,” मी म्हणाले. माझाच त्यावर किती विश्वास होता, देव जाणे.

“असू द्या.” ती पदर सारखा करत म्हणाली. “नाव घेतलं की आयुष्य कमी होते. म्हणून मी एवढे वर्सं तोंड मिटून बसली. पर आज हा पोट्टा अंगणात पुतळा जाळन. मग कमी व्हायले उरते काय? आज नाई घेतलं तं मंग कवा घेऊ?”

ती बैठकीत आली. वैष्णवीला म्हणाली, “लाव ते.”

रवी उंबऱ्यात उभा होता. त्याला वाटलं असावं की आई शेवटचं पाहून घेते आहे.

बोळ आला. दिवे आले. केबिन आली. खाट, खिळा, शर्ट. माणूस भिंतीकडे तोंड करून झोपलेला. गळणारा ठोका ऐकू येत होता, आणि खोलीत सरकीचा वास होता. आमच्या घरात कित्येक वर्षांत सरकी आली नव्हती. वैष्णवीनंही वास घेतला, मी पाहिलं. तिनं नाकावर ओढणी धरली.

वहिनी पाटावर बसली. नव्या नवरीसारखी मान खाली. मग सगळ्या बायकांपुढे म्हणावं तसं, सुरात, म्हणाली,

“सरकी सुटली, कापूस पिंजला, पिंजून झाली वात,
नागोरावांचं नाव घेते, सरली आता रात.”

काटा हलला. तो परत जाग्यावर आला नाही.

इंजिनाचा ठोका थांबला.

खाटेवरच्या माणसानं कूस बदलली.

इतर प्रवासी उठायचे ते गेममधल्या माणसांसारखे, एकदम ताठ. हा तसा उठला नाही. आधी हात खाटेखाली गेला. चाचपडला. चष्मा सापडला. मग तो उठून बसला आणि चष्मा डोळ्यांना लावताना त्यानं एक जांभई दिली.

दादा होता. हे मी सांगते आहे, मी त्याला पाळण्यात नाही तरी परकरात होते तेव्हापासून ओळखते. हनुवटीवरचा व्रण सायकलवरून पडल्याचा.

वैष्णवीचा हात माझ्या दंडावर होता. नखं रुतत होती.

तो काचेजवळ आला. बाहेर पाहू लागला. माझ्याकडे पाहिलं आणि नजर पुढे गेली, जशी अनोळखी बाईवरून जाते. रवीवरूनही गेली.

मग ती वहिनीवर थांबली.

“उठले काय?” वहिनी म्हणाली.

त्यानं शर्ट खिळ्यावरून काढला. घातला. बटणं लावली. दार उघडलं.

तो आमच्या दिशेनं चालत आला. मोठा होत गेला. छाती, खिसा, खिशाचं एक बटण एवढंच स्क्रीनभर उरलं.

स्क्रीन काळी झाली.

बाहेर फाटक वाजलं तेव्हा आम्ही सगळेच दचकलो. गुरुजी होते, छत्री आणि पिशवी सांभाळत. वहिनी पाटावरून उठली, डोक्यावर पदर घेऊन अंगणात गेली.

“गुरुजी, आज राह्यू द्या,” ती म्हणाली. “ते निघाले तिकडून.”

गुरुजींनी रवीकडे पाहिलं. रवी पळसाच्या भाऱ्याजवळ उभा होता. तो सोवळ्यासकट खाली बसला आणि रडू लागला. लहान मूल रडतं तसा, तोंड उघडं ठेवून. वहिनीनं त्याचं डोकं पोटाशी धरलं. त्या पानांचं पुढे काय झालं मला आठवत नाही. बहुतेक मानीबाईच्या गाईनं खाल्ली.

*

त्यानंतर गेममध्ये ती केबिन कधीच दिसली नाही. बोळाच्या शेवटी भिंत. वैष्णवीनं पुष्कळ वेळा पाहिलं, मीही.

‘अधोयान’ पुढच्या वर्षी बाजारात आला. परदेशातली माणसं तो खेळतात, असं वैष्णवी सांगते. तिनं रजतशी लग्न केलं, दोघं पुण्यात आहेत आणि अजून एकमेकांची अक्कल काढतात. ती आता नवा गेम करते आहे, पक्ष्यांवर. त्यात माइक नाही.

मी २०२२ च्याच दिवाळीत न्हाणीत पडले आणि माझ्या खुब्याचं हाड मोडलं. रवीनं मला यवतमाळला त्याच्या घरी नेलं, तेव्हापासून मी तिथेच आहे. वहिनीनंही यावं म्हणून आम्ही खूप म्हटलं. “घरी कोणी तं पायजे,” एवढंच ती म्हणाली. तिच्या सोबतीला म्हणून समोरच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं दिल्या.

रवी महिन्यातून एकदा पांढरकवड्याला जातो आणि संध्याकाळच्या एसटीनं परत येतो. विधीचं त्यानं पुन्हा नाव काढलं नाही. आई कशी आहे विचारलं तर “खुश हाय” म्हणतो. मागच्या पोळ्याला त्यानं जाण्याआधी दोन शर्ट विकत आणले होते. रवीचं पोट सुटलेलं आहे. त्या शर्टांत त्याचा एक हातही गेला नसता. मी पाहते आहे हे पाहून त्यानं ते पिशवीत सरकवले.

भाडेकरूंपैकी साधना मूळची नेरची, तिचा नवरा बँकेत आहे. आमची जुनी हकिकत तिला कुणी सांगितलेली नाही. ती मला अधूनमधून फोन करते, नळ गळतो, वीज गेली, असं काहीबाही. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला तेव्हा मागे कुणीतरी बाई हसत होती. मोकळं, तरुण हसू. मला वाटलं साधनाची बहीण आली असेल. मग कळलं की ती वहिनी आहे.

“आत्या, तुमच्या वहिनीचं मले नवल वाटते,” साधना म्हणाली. “मोठा मुलगा येतेच महिन्याले. पर धाकटा किती करते आईचं. कोणाशी बोलत नाई, बाहेर निघत नाई, पर आता अंगणात बसून तिचे केस विंचरून देऊन राह्यला.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“फक्त एक इचारू का? राग नका मानू.” तिनं आवाज खाली आणला. “तो आईले नावानं काहून हाक मारते?”